मुलीने गाडी माहेरीच शिकावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला विषय दिला आहे तो ‘आजची मुलगी आणि स्वावलंबन’ असा. विषय मोठा आहे, आणि त्यावर बोलतील अशा शिकलेल्या भगिनी आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. त्यांनी बोलावे आणि मी ऐकावे हेच बरे. म्हणून मी त्यातला एकच तुकडा उचलला आहे. अठरा वर्षे पुरी झालेली, पण अजून आईबापांच्याच घरात राहणारी मुलगी मोटार चालवायला शिकते, तेव्हा त्या घरात काय काय होते, एवढेच मी सांगणार आहे. चिटणीसबाई म्हणाल्या, “हा काय वर्धापनदिनाचा विषय झाला?” मी म्हटले, आधी ऐका, मग नावे ठेवा.

आपल्या गावाच्या नावाची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. पूर्वी या वाटेने जाणारे स्वार आपले दमलेले घोडे इथे सोडत आणि ताजे घोडे घेऊन पुढे जात. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, असे जुनी माणसे सांगतात. खरेखोटे ते जाणोत. त्या स्वारांत बाई कोणी होती असे मात्र कोणी सांगितलेले नाही. बाया मागे बसणार, हे आपल्याकडे धरूनच चालतात. आता घोडे गेले, स्कूटर आली, मोटार आली, पण मागे बसणे काही सुटले नाही. स्टेशनपासून आपले गाव लांब. शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, आणि रात्री उशीर झाला की ती भरतही नाही. मग मुलगी स्टेशनावरून फोन करते, आणि बाप जेवत्या ताटावरून उठून तिला आणायला जातो. हे घरोघरी चालले आहे.

माझ्या मनाने घेतले ते मात्र या कारणाने नव्हे. ते घेतले पुरामुळे.

२६ जुलै २००५ चा पूर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याविषयी मी बोलत नाही. मी सांगते ती २०१९ सालची गोष्ट. त्या वर्षीही तारीख तीच, २६ जुलै. रात्री पाऊस जो लागला तो दुसऱ्या दिवशीही खळेना. त्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये पाण्यात अडकली. तीत हजारावर उतारू होते, आणि २७ तारखेला त्यांना होड्या आणून बाहेर काढले. ते सगळे वर्तमानपत्रांत आले. आमच्या घरची गोष्ट वर्तमानपत्रात यावी एवढी मोठी नव्हती. आमचे घर नदीच्या अंगाला, सखल जागी. अंगणात आमची जुनी मारुती ८०० उभी होती. कंपनीने २०१४ सालीच ती बनवणे बंद केले होते, पण आमच्याकडे ती लेकरासारखी सांभाळलेली. हे कामावरून परत येताना ठाण्यातच अडकले आणि माझ्या नणंदेकडे थांबले. घरात आम्ही चौघे: सासूबाई, मी, पंधरा वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा. मध्यरात्रीनंतर ह्यांचा फोन आला, “पाणी वाढतंय म्हणतात. कोणाला तरी सांग आणि गाडी वरच्या रस्त्याला नेऊन लाव.” कोणाला सांगणार? जो तो आपापली गाडी, आपापली गुरे, आपापले धान्य वर नेण्यात गुंतलेला. चांगला तासभर पाणी चढत होते. आधी चाके भिजली, मग दाराला लागले, मग काच तेवढी दिसू लागली. शंभर पावले वर नेली असती तर गाडी वाचली असती. किल्ली माझ्या हातात होती. किल्ली घरात, गाडी दारात, आणि चालवणारा ठाण्यात.

पुढे मेकॅनिकने सांगितले की दुरुस्तीला लागेल तेवढ्या पैशांत दुसरी जुनी गाडी येईल. ती भंगारात गेली. ह्यांना फार लागले. मलाही लागले, पण मला गाडीपेक्षा ती किल्ली जास्त टोचली. मी मनाशी धरले की या घरात गाडी चालवणारी निदान दोन माणसे हवीत, आणि त्यातले एक बाईमाणूस हवे. कारण दिवसा गावात कोण असते ते तुम्ही जाणताच. पुरुषमाणसे मुंबईला, ठाण्याला, नाहीतर अंबरनाथच्या कारखान्यांत. गावात म्हातारी माणसे, शाळेतली मुले आणि आपण.

२०२१ साली आम्ही जुनीच एक वॅगन-आर घेतली. २०२२ साली मुलीला अठरावे वर्ष पुरे झाले. मी घरात विषय काढला, आणि भगिनींनो, घर दोन तट पडल्यासारखे झाले! सासूबाई म्हणाल्या, “तिला काय करायची आहे गाडी? सासरी असली तर नवरा शिकवील.” जाऊबाई म्हणाल्या, “हातपाय मोडला तर लग्न कोण करील?” हे काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात ह्यांनी काही न बोलणे म्हणजे नाही म्हणणे असते. आणि सर्वांत मोठ्याने ओरडला तो मुलगा. त्याला सोळावे लागले होते. त्याचे मित्र स्कूटर उडवत शिकवणीला जात, आणि याला वाटे, आधी आपला नंबर.

मुलाचे आधी सांगते, कारण तिथे आपल्या बऱ्याच घरांत डोळेझाक होते. सोळा वर्षांच्या मुलाला परवाना मिळतो, हे खरे. पण तो पन्नास सी.सी.पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. आपल्या दारांत ज्या स्कूटरी उभ्या आहेत त्या शंभर, एकशेदहा, सव्वाशे सी.सी.च्या. त्यांना अठरा वर्षेच लागतात. आणि २०१९ साली कायदा कडक केला आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला नाहीतर गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय त्या गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मी हे ह्यांच्याकडून मुलाला वाचून दाखववले. सोळाच्या मुलाच्या हाती किल्ली देताना आपला हात कापत नाही, आणि वीस वर्षांच्या मुलीच्या हाती देताना कापतो. याचे कारण मला कोणी सांगितले तर मी ऐकायला तयार आहे. मुलगा रुसला. रुसू दे म्हटले. दोन वर्षांनी त्याचाही नंबर आला.

शिकाऊ परवान्याचे काम सोपे झाले आहे. २०२१ पासून आपल्या राज्यात आधार कार्डावरून घरबसल्या परीक्षा देऊन तो काढता येतो. पक्क्या परवान्यासाठी मात्र आर.टी.ओ.कडे जावे लागते. आपल्याला कल्याणचे, म्हणून आपल्या गाड्यांवर एमएच ०५ असते. परीक्षेच्या आधी आठ दिवस आमच्या घरात रस्त्यावरच्या चिन्हांचाच अभ्यास चालला होता. मुलगी मोठ्याने म्हणे, मी भाजी चिरता चिरता विचारी. गोल चिन्ह म्हणजे हुकूम, तो मोडायचा नाही. त्रिकोणी म्हणजे पुढे धोका आहे, सावध. चौकोनी म्हणजे माहिती, पुढे दवाखाना आहे, पेट्रोल पंप आहे. सासूबाई माळ ओढत बसलेल्या असत. चौथ्या दिवशी मुलगी एका ठिकाणी अडखळली, तर माळेतून आवाज आला, “अगं, ते भोंगा वाजवू नये म्हणून आहे!” त्या दिवसापासून सासूबाईंचा विरोध निम्म्याने कमी झाला असे मी धरून चालले.

आता मुख्य गोष्ट. पहिले आठ दिवस तिला ह्यांनी शिकवले. शिकवणीला पैसे कशाला घालायचे, मी वीस वर्षे चालवतो आहे, असे त्यांचे म्हणणे. गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ लावून रविवारी सकाळी दोघे मोकळ्या जागेकडे गेले. तासाभराने परत आले ते दोघांची तोंडे दोन दिशांना. मुलगी जेवली नाही. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला ती सरळ म्हणाली, “आई, मला नाही शिकायचं.” मी विचारले, रागावतात का? म्हणाली, “रागावतात त्याचं काही नाही. पण बाबा सारखा ब्रेक दाबतात.” मला कळेना. ब्रेक तर चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो! म्हणून चौथ्या खेपेला मी मागच्या सीटवर जाऊन बसले. आणि खरेच, हे तिच्या शेजारी बसले होते, एका हाताने वरची कडी घट्ट धरली होती, आणि उजवा पाय पुढच्या पायपुसण्यावर असा दाबत होते की पायपुसणे गोळा होऊन पुढे गेले होते. तिथे ब्रेक नव्हताच. समोरून कुत्रे आले की पाय दाबायचा, गाडी थांबायची नाही, आणि मग तोंडातून ओरडणे यायचे, “क्लच! क्लच म्हणतोय ना!”

मला तेव्हा उमगले की हा राग नव्हे, ही भीती आहे. गाडीत ब्रेक एकच, आणि तो शिकणाऱ्याच्या पायाखाली. शेजारी बसलेल्या बापाच्या हाती काय आहे? फक्त आवाज. ज्याच्या हाती दुसरे काही नाही तो ओरडणारच. बाप जितका मायाळू तितका जास्त ओरडेल. मुलीला मात्र वाटते की आपण मठ्ठ आहोत, आपल्याला हे कधी यायचे नाही. कितीतरी मुलींचे शिकणे याच ठिकाणी, आपल्याच दारात संपले असेल. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाखालीही दुसरा क्लच आणि ब्रेक असतो. म्हणून तो शांत बसतो. आमच्या मुलीला ज्यांनी शिकवले ते मास्तर पहिल्या दिवशी एवढेच म्हणाले, “तू चालव. चुकलीस तर ब्रेक माझ्याकडे आहे.” शिकवणाऱ्याने गाडी आवरता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी बसले पाहिजे, असे नियमातही लिहिलेले आहे. नियम करणाऱ्यालाही घरात मुली असाव्यात.

तेव्हा माझे सांगणे असे आहे की बापाने पैसे द्यावे, वेळ द्यावा, सोबत करावी. शिकवू मात्र नये. हेच नवऱ्यालाही लागू आहे. “सासरी नवरा शिकवील” असे म्हणणाऱ्यांना माझे हेच उत्तर असते. नवऱ्याच्याही शेजारच्या सीटखाली ब्रेक नसतो. आणि नव्या घरात सुनेच्या हातून काय काय चुकते याची टिपणी आधीच चालू असते. मीठ जास्त पडले, दूध उतू गेले, पाहुण्यांना पाणी उशिरा दिले. त्यात गाडी कुंपणाला घासली हे आणखी कशाला? चुकायचे ते माहेरी चुकावे. तिथे चुकीला आई पोटात घालते आणि बाप आठ दिवसांनी विसरतो.

पंधरावीस दिवस शिकून, मग महिना उलटल्यावर तिने परीक्षा दिली. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत पक्की परीक्षा द्यायची असते. स्कूटरवर पाय न टेकता आठचा आकडा काढला, मोटार पुढे नेली, मागे घेतली, आणि ती पास झाली. परवाना टपालाने घरी आला. देवापुढे ठेवला, पेढे वाटले. आणि मग तो कपाटात गेला.

कारण किल्ली ह्यांच्या खिशात! सरळ नाही म्हणायचे नाहीत. आज पाऊस आहे. आज बाजाराचा दिवस आहे. आज पेट्रोल कमी आहे. आज काटई रस्त्याला डंपर फार आहेत. यातले एकेक कारण खोटे नव्हते. डंपरांची भीती मलाही वाटते. पण कारणे संपेनात. सरकारचा परवाना दोन महिन्यांत मिळाला, घरचा परवाना मिळायला त्याहून किती तरी दिवस लागले. मुलगी एकदा मला म्हणाली, “लायसन्सवर मी अठरा वर्षांची आहे, घरात बारा वर्षांची.” मी गप्प बसले, पण ते शब्द मनात राहिले. पोळपाट महिनाभर हाती धरला नाही तरी आपल्याला पोळी लाटता येते, कारण हात मुरलेला असतो. नव्या चालवणाऱ्याचा हात मुरलेला नसतो. परवाना हाती आल्यावरचे पहिले वर्ष बसून गेले तर शिकलेले सगळे वाया जाते, आणि मग आपणच म्हणतो, “हिला परवाना आहे, पण येत काही नाही.”

म्हणून मी दाराजवळ भिंतीला एक खिळा ठोकला. किल्ली तिथे टांगायची. जो घेईल त्याने कुठे जातो आणि केव्हा येतो ते घरात सांगून जायचे. नियम सर्वांना एकच. हे म्हणाले, “म्हणजे मीही सांगून जायचं?” मी म्हटले, हो, तुम्हीही. ते त्यांना आवडले नाही. दोनचार दिवस घरात थोडे धुसफुसले. वीस वर्षांच्या संसारात मी असे पहिल्यांदाच बोलले होते; सासूबाईंनीही माळ थांबवून माझ्याकडे पाहिले होते. पण किल्ली खिळ्यावर आली. मुलगी सकाळी उजाडता उजाडता, रस्ता मोकळा असतो तेव्हा, खंडोबाच्या मूळगावापर्यंत जाऊन यायची. शेजारी मी बसायची. मला चालवता येत नाही, हे माझ्या फार पथ्यावर पडले. मी ओरडू काय म्हणून?

मग एके दिवशी गाडी मागे घेताना फाटकाला घासली. पत्र्यावर वीतभर ओरखडा. ह्यांनी पाहिले, हात फिरवला, एक शब्द बोलले नाहीत, आणि किल्ली पुन्हा खिशात गेली. त्या रात्री मुले झोपल्यावर मी विचारले, “अहो, मारुतीचा मागचा दिवा दोनदा फुटला होता, तेव्हा किल्ली कोणी काढून घेतली होती?” ते कुशीवर वळले. उत्तर आले नाही. किल्लीही आली नाही. तीन आठवडे तसेच गेले, आणि मुलगी माझ्याशीही तुटक बोलू लागली.

मग झाले असे. ह्यांना अंधूक दिसू लागले म्हणून आम्ही तिघे उल्हासनगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. जाताना अर्थातच हे चालवत होते. तिथे बाहुली मोठी करायचे थेंब घातले. तपासणी झाली, आणि डॉक्टर म्हणाले, आता चारपाच तास गाडी चालवायची नाही. हे म्हणाले, रिक्षाने जाऊ, गाडी उद्या नेऊ. मी खिशात हात घालून किल्ली काढली आणि मुलीला दिली. माणसाला उन्हात डोळे उघडवत नव्हते, त्याने वाद काय घालावा! अंबरनाथवरून आम्ही निघालो. संध्याकाळची गर्दी. हे शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसलेले. त्यांना रस्ता दिसत नव्हता, म्हणून ओरडता येत नव्हते. मी मागून त्यांच्या पायाकडे पाहत होते. पाय होता तिथेच होता.

आपल्याकडचा पूर्व-पश्चिम जोडणारा उड्डाणपूल तुम्हाला ठाऊकच आहे. नेमक्या चढावर गाड्या तुंबल्या. पुढे टेम्पो, मागे बस. शिकाऊ माणसाचा सगळा कस तिथे लागतो. क्लच जरा जास्त सुटला तर गाडी बंद पडते, आणि ब्रेक आधी सुटला तर मागे घरंगळते. दुधाला उकळी येताना आपण गॅस कसा केसभर कमी करतो, तसे ते पायाने करायचे असते. हे डोळे मिटूनच म्हणाले, “बाय, कुठवर आलो?” ती म्हणाली, “पुलावर, बाबा.” हे म्हणाले, “हँडब्रेक...” ती म्हणाली, “लावलाय.” पुढचा टेम्पो हलला. गाडी एक बोटभरही मागे न जाता वर चढली. पूल उतरेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. घरी आल्यावर ह्यांनी चाचपडत खिळा शोधला आणि किल्ली आपल्या हाताने टांगली.

यानंतर सगळे सुरळीत झाले असे मी सांगत नाही. अजूनही तिला यायला दहा मिनिटे उशीर झाला की हे ओटीवर येऊन उभे राहतात. अजूनही शेजारी बसले की पाय दाबतात. पण ती रात्रीच्या गाडीने आली तर स्टेशनाजवळ ठेवलेली स्कूटर घेऊन स्वतःची स्वतः घरी येते, आणि आमच्या घरात चार माणसे एका वेळी जेवायला बसतात. मुलगा कामाच्या पाळीवर असतो, म्हणून चार.

बाहेरच्या जगात बाया कुठवर गेल्या आहेत हे थोडे सांगते. परभणीच्या शीला डावरे अठराव्या वर्षी घर सोडून पुण्याला आल्या, हाती बारा रुपये होते म्हणतात, आणि १९८८ पासून त्यांनी पुण्यात रिक्षा चालवली. देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून त्यांचे नाव घेतात. मला त्यांचे कौतुक आहे, पण मनात येते की तिला घर का सोडावे लागावे? साताऱ्याच्या सुरेखा यादव आपल्या मध्य रेल्वेवर १९८० च्या दशकात लागल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. २००० साली त्यांनी महिलांची खास लोकल चालवली, २०११ साली ८ मार्चला डेक्कन क्वीन पुण्याहून घाटातून मुंबईला आणली, २०२३ साली वंदे भारत चालवली, आणि २०२५ साली त्या सेवानिवृत्त झाल्या. डेक्कन क्वीन आपल्या स्टेशनात थांबत नाही, धूळ उडवत निघून जाते. आपण फलाटावर पदर सावरत उभ्या होतो आणि ती एका बाईच्या हातात होती, हे त्या दिवशी आपल्यापैकी किती जणींना ठाऊक होते? आपल्या ठाण्यात २०१६ साली बायकांच्या अबोली रंगाच्या रिक्षा आल्या. २०२३ साली एस. टी.च्या गाडीवरही पहिल्या महिला चालक बसल्या.

आणि एक गोष्ट माझ्यासारख्या सातवी शिकलेल्यांसाठी. पूर्वी रिक्षा, टॅक्सी, टेम्पो अशा धंद्याच्या गाडीचा परवाना काढायचा तर आठवी पास असावे लागे. २०१९ साली ती अट काढून टाकली. मला एक इयत्ता कमी पडत होती, ती आता पडत नाही! घरच्या मोटारीला तर शाळेची अट कधी नव्हतीच. हे मला कळले तेव्हा मी सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “मग तूही शीक. मला आळंदीला ने.” याच त्या सासूबाई.

आता स्थळे येऊ लागली आहेत. मुलगी एकविशीत आहे, ती म्हणते अजून तीन वर्षे नको, आणि मीही तिच्या बाजूची आहे. तरी माणसे येतात. मध्ये एका घरच्यांनी तिची माहिती वाचताना विचारले, “गाडी चालवते हे लिहिले आहे, ते कशाला?” नंतर दुसऱ्या घरच्यांनी विचारले, “चालवते ना? मग फार बरे, आमच्या घरात कोणालाच येत नाही, दारात गाडी धूळ खात पडली आहे.” मी दोघांनाही चहा दिला. दुसऱ्यांना जरा आले जास्त घातले.

गेल्या पावसाळ्यात नदीला पाणी चढणार असा इशारा आला, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि गल्लीत एकही पुरुषमाणूस नव्हता. मुलीने आमची गाडी वरच्या रस्त्याला नेऊन लावली. तेवढ्यात शेजारच्या वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि आपली किल्ली तिच्या हाती दिली. मग समोरच्या काकू आल्या. तिने एकामागून एक तीन गाड्या वर नेल्या. पाणी त्या दिवशी रस्त्याच्या खालीच थांबले, पण काकूंनी संध्याकाळी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पाठवली.

आता कामाचे सांगते आणि खाली बसते. ट्रेनिंग स्कूलवाल्यांशी मी बोलले आहे. एका वेळी चार जणी मिळाल्या तर त्यांची गाडी सकाळी साडेसहाला आपल्या गावात येईल, म्हणजे मुलींना शिकायला स्टेशनापर्यंत जायला नको. ज्यांच्या मुलींना अठरा पुरी झाली आहेत त्यांनी शिकाऊ परवाना आधी काढून ठेवावा. तो सहा महिनेच चालतो, तेव्हा मुलीची परीक्षा-बिरीक्षा पाहून काढावा. पक्का परवाना तिशीच्या आत काढला तर चाळिशीपर्यंत चालतो, मग पुन्हा नवा करायचा. दोन नावे आली आहेत. तिसरे नाव चिटणीसबाईंच्या मुलीचे आहे, ते मघाशी चहाच्या वेळी त्यांनीच दिले. चौथे नाव कोणी देत असेल तर द्यावे. नसेल तर ते माझेच धरा.